गाळ साचलेली बॅटरी

९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरात एका कंटेनरला आग लागली. आत चाळीस इलेक्ट्रिक स्कूटर होत्या. नाशिकच्याच जितेंद्र ईव्ही कंपनीचा माल, बंगळुरूला निघालेला. आग विझेपर्यंत वीस स्कूटर खाक झाल्या. सुदैवाने माणूस कुणी दगावलं नाही. त्याच्या दोनच आठवडे आधी, २६ मार्चला, पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची स्कूटर पेटली होती आणि तिचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्याच सुमारास वेल्लोरला घरातल्या स्कूटरच्या आगीत धुराने गुदमरून बापलेकीचा जीव गेला होता.

मग व्हायचं ते झालं. ओकिनावाने ३,२१५, ओलाने १,४४१ आणि प्युअर ईव्हीने २,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. रस्ते वाहतूक मंत्रालयाने हैदराबादच्या ‘एआरसीआय’ या संशोधन संस्थेचे संचालक टाटा नरसिंगराव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून ‘एआयएस-१५६’ या मानकात दुरुस्त्या झाल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेल तापले तर इशारा मिळावा, एका सेलची आग शेजारच्या सेलपर्यंत पोचू नये, बॅटरीचा माग काढता यावा, असं बरंच काही त्यात आलं. सरकारी यंत्रणा इतक्या चपळाईने हलल्याची उदाहरणं कमी, त्यामुळे याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण हे सगळं आगीबद्दल. आग क्वचित लागते. ज्याने हौसेने किंवा गरजेने इलेक्ट्रिक सायकल घेतली, त्याच्या वाट्याला येणारं दुखणं बहुधा वेगळं असतं. पहिल्या वर्षी एका चार्जमध्ये पस्तीस किलोमीटर जाणारी सायकल दुसऱ्या वर्षी पंचवीसवर येते. मग चढावर अचानक बंद पडते. मीटरवर तीन कांड्या दिसत असतात, पाय मारला की एक होते, सोडला की पुन्हा तीन. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, बॅटरी बसली.’ वॉरंटी आहे का, असं विचारलं की तो खिशातला मोबाइल काढून दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावतो. इथून पुढची गोष्ट छापून येत नाही, कारण तिच्यात धूर नाही.

नाशिकला सायकलीचं कौतुक नवं नाही. महेंद्र आणि हितेंद्र महाजन या इथल्या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, तेव्हापासून गंगापूर रस्त्यावर पहाटे दिसणाऱ्या हेल्मेटधाऱ्यांची संख्या वाढली ती वाढलीच. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारा कामगार त्याच्या कितीतरी आधीपासून सायकलवर आहे. इलेक्ट्रिक सायकलीने या दोघांच्या मधला एक तिसरा वर्ग सायकलवर आणला: गुडघे कुरकुरणारे निवृत्त लोक, सिडकोतून कॉलेज रोडला क्लासला जाणारी मुलं, घरपोच डबे आणि पार्सलं पोचवणारे तरुण. पेट्रोल नको, लायसन्स नको, आरटीओची पायरी नको.

लायसन्स का नको, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढची निम्मी भानगड त्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीची ताकद २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असेल, तर असं वाहन ‘मोटार वाहन’ समजलं जात नाही. पॅडल मारणं थांबवलं किंवा २५ चा वेग गाठला की मोटार सुटली पाहिजे, ही सायकलीसाठीची जादा अट. म्हणून नंबर प्लेट नाही, नोंदणी नाही, विम्याची सक्ती नाही. सोय मोठी आहे. मात्र आगीनंतर जे ‘एआयएस-१५६’ कडक झालं, ते ‘एल’ वर्गातल्या मोटार वाहनांसाठीचं मानक आहे. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात बॅटरीवर किमान पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्यांना जादा प्रोत्साहन ठेवलं होतं, तेही धोरणातल्या तक्त्यात दुचाकी म्हणून जी वाहनं होती त्यांच्यासाठी, म्हणजे एल१ आणि एल२ वर्गासाठी. सायकल या दोन्हींच्या बाहेर राहिली. आणि गाड्या परत बोलवायची वेळ आली, तर स्कूटरचा मालक आरटीओच्या नोंदीतून सापडतो. सायकलीचा मालक सापडण्याची एकच जागा, ती म्हणजे कंपनीकडे त्याने स्वतः केलेली वॉरंटीची नोंदणी. ती किती जण करतात, हे दुकानातल्या खोक्यांत तशाच पडलेल्या वॉरंटी कार्डांना विचारावं.

आता बॅटरीच्या पोटात काय असतं ते पाहू. सायकलीच्या दांड्याला लावलेला तो काळा डबा म्हणजे एकच एक बॅटरी नव्हे. आत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा दंडगोल सेलचा गठ्ठा असतो. म्हणूनच या सेलला १८६५० म्हणतात. एका सेलचा दाब ३.६ व्होल्ट. असे दहा एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात, आणि क्षमता वाढवायला प्रत्येक जागी चार-चार सेल शेजारी लावले की झाले चाळीस. प्रत्येक सेल २.६ अँपिअर-तासांचा धरला तर पॅक १०.४ अँपिअर-तासांचा, म्हणजे सुमारे ३७४ वॉट-तासांचा. पाय मारत, मोटारीची मदत घेत गेलं तर किलोमीटरला ढोबळमानाने दहा वॉट-तास लागतात. जाहिरातीतले पस्तीस-चाळीस किलोमीटर येतात ते इथून. सपाट रस्ता, बेताचं वजन आणि वारा पाठीमागे, हे तीन देव प्रसन्न असतील तर.

या गठ्ठ्यावर पहारा करणारी एक छोटी सर्किट-पट्टी असते, बीएमएस. कुठलाही सेल ४.२ व्होल्टच्या वर भरला जाऊ नये, अमुक पातळीच्या खाली उतरू नये, फार तापू नये, हे ती बघते. कुणी एक सेल-गट दुबळा पडला की बीएमएस त्याच्याकडे बघून सगळा पॅक बंद करते. बाकीचे नऊ गट ठणठणीत असले तरी. चढावर सायकल अचानक थांबते ती अनेकदा यामुळे. जोर लागला की दुबळ्या गटाचा दाब एकदम खाली येतो, बीएमएस दार लावून घेते, आणि क्षणभर थांबलं की दाब वर येऊन मीटर पुन्हा तीन कांड्या दाखवतं. मीटर खोटं बोलत नाही, ते फक्त दाब वाचतं.

आयुष्य कमी होतं ते मात्र निराळ्या तऱ्हेने. गंगापूर धरण नाशिककरांच्या डोळ्यांसमोर आहे. मूळ क्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट, गाळ साचत साचत आज ५,६३० च्या घरात. धरण ‘शंभर टक्के भरलं’ ही बातमी दर पावसाळ्यात येते आणि ती खरीच असते, पण ते शंभर टक्के आता जुन्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांएवढे आहेत. लिथियम-आयन सेलमध्ये हेच होतं. प्रत्येक भरण्या-रिकामं होण्यात थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं, ऋण टोकावर एक थर जाड होत जातो. चार्जर हिरवा दिवा दाखवतो, बॅटरी भरली. भरलीच आहे, पण टाकी लहान झालेली आहे. आणि गंमत अशी की बॅटरी उद्योगात आयुष्य संपल्याची जी रेघ बहुधा मानली जाते ती मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर. तिच्या खाली बॅटरी चालत नाही असं नाही, पण घसरण वेगाने सुरू होते.

सायकलीत बहुधा वापरतात त्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या सेलला ही रेघ गाठायला साधारण पाचशे ते आठशे पूर्ण चक्रं लागतात. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीला दोन हजारांच्या आसपास, पण ती वजनाला जड. स्वस्तातल्या मंद स्कूटरींमध्ये अजून शिसं-आम्लाच्या बॅटऱ्या दिसतात, त्या दोन-तीनशे चक्रांत आटोपतात. चक्र म्हणजे शून्य ते शंभर. अर्धी वापरून पुन्हा भरली तर अर्धं चक्र. आता हिशेब करू. सिडकोतला कुणी रोज वीस किलोमीटर जात असेल, तर २०० वॉट-तास, म्हणजे अर्ध्याहून जरा जास्त चक्र. वर्षाला तीनशे दिवस धरले तर पाचशे चक्रं पुरी व्हायला तीन वर्षं लागतील. तीच सायकल घेऊन पार्सलं वाटणारा तरुण दिवसाला ऐंशी किलोमीटर मारत असेल आणि दुपारी जेवताना पुन्हा चार्ज करत असेल, तर रोज दोन चक्रांच्या वर. पाचशेचा आकडा एका वर्षाच्या आत संपला. दोघांनाही दुकानदाराने एकच वाक्य सांगितलेलं असतं: ‘बॅटरी तीन-चार वर्षं बघायचीच नाही.’

चक्रं न वापरताही बॅटरी म्हातारी होते. उष्णता तिची वैरीण. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, हा ढोबळ नियम. नाशिकची हवा थंड म्हणून प्रसिद्ध असली तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या केलेल्या सायकलीची बॅटरी त्याहून कितीतरी जास्त तापते. त्यात ती पूर्ण भरलेली असेल तर आणखी वाईट, कारण भरलेला सेल उन्हात सगळ्यात जास्त झिजतो. सकाळी सहाला पाळीला निघायचं म्हणून रात्रभर चार्जिंगला लावायची आणि मग दिवसभर उन्हात ठेवायची, ही आपली पद्धत बॅटरीला फार महाग पडते.

थंडीची तक्रार वेगळी. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि त्याच दिवसांत ‘सायकल कमी चालते’ अशी कुरबुर सुरू होते. थंडीत सेलची अंतर्गत क्रिया मंदावते, अंतर घटतं, आणि ऊन तापायला लागलं की ते परत येतं. हा बिघाड नव्हे. त्यासाठी भांडायला जाऊ नये, हसं होतं.

पावसाचं तसं नाही. पॅकवर आयपी६७ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी मारला जाणारा जोराचा फवारा येत नाही. नळीने सायकल धुताना पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं, आतली पट्टी गंजली, आणि दावा फेटाळायला कंपनीला आयतं कारण मिळालं, हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे. धुण्याआधी बॅटरी काढून घरात ठेवावी, एवढंच.

आणखी एक मरण आहे आणि ते सगळ्यात चटका लावणारं, कारण त्यात वापरणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. सायकल चालवून रिकामी करायची, मुलगा परीक्षेला बसला म्हणून किंवा पावसाळा आहे म्हणून तशीच जिन्याखाली ठेवायची. बीएमएस स्वतःला लागणारी चिमूटभर वीज त्याच बॅटरीतून घेत राहते. तीन-चार महिन्यांनी सेल इतके खाली जातात की आतलं तांबं विरघळायला लागतं. अशा सेलला नंतर जबरदस्तीने चार्ज करणं धोक्याचं, म्हणून बीएमएस नकार देते, आणि तिचा तो नकार योग्य असतो. गाडी ठेवून द्यायची तर बॅटरी निम्मी भरून, सावलीत, दर दोन महिन्यांनी बघत राहायची. ही एक ओळ मराठीत छापून प्रत्येक डब्यावर चिकटवली असती तर किती बॅटऱ्या वाचल्या असत्या! छापलेलं असतं ते इंग्रजीत, नाहीतर चिनीत.

आता वॉरंटीकडे येऊ. इलेक्ट्रिक सायकलींच्या बॅटरीवर बहुधा एक किंवा दोन वर्षांची वॉरंटी असते. अटी वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. ‘मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट’ असेल तर बदलून देऊ, ‘नॅचरल वेअर अँड टेअर’ असेल तर नाही. पाणी गेलं, पॅक पडला, सील उघडलं, दुसरा चार्जर वापरला, धंद्यासाठी वापरली, तर नाही. ठीक आहे, अटी असणारच. पण घटलेली क्षमता झीज कुठपर्यंत आणि दोष कुठून, याचा आकडा बऱ्याच कार्डांवर नसतोच. ज्यांच्यावर असतो तिथे ‘मूळ क्षमतेच्या अमुक टक्क्यांखाली गेली तर’ असं वाक्य असतं, आणि मोजणार कोण, तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मोजणीचा कागद ग्राहकाच्या हातात पडत नाही. सहा महिन्यांत बॅटरी पस्तिसावरून वीस किलोमीटरवर आली तरी ‘तुमचं वजन जास्त आहे’, ‘तुम्ही चढावर जाता’ ही उत्तरं तयार असतात. नाशिकमध्ये राहून चढ टाळायचे कसे, हे त्यांनी सांगावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की भांडण बॅटरीच्या दर्जावरून होत नाही, मोजमापावरून होतं. मोजता येतं की नाही? येतं. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच लिथियम-आयन पॅकची कामगिरी तपासण्याचं मानक काढलं आहे, आयएस १७८५५. पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या वर्षानुवर्षं करते आहे. मापं आहेत, फक्त दुकानाच्या काउंटरवर त्यांची सक्ती नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमनात इलेक्ट्रिक सायकलींसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटऱ्यांचा स्वतंत्र वर्गच केला. फेब्रुवारी २०२७ पासून अशा प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार, आणि कंपनीबाहेरच्या कुशल कारागिराला ती काढता व बदलता आली पाहिजे, आतले सेलसुद्धा. बॅटरीच्या तब्येतीची बीएमएसमधली माहिती खरेदीदाराला वाचता यावी, ही तरतूद तर आधीच लागू झाली आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू केलं. चार क्षेत्रं घेतली, त्यात वाहनं आहेत. सायकलीच्या बॅटरीपर्यंत हा हक्क कधी पोचतो ते पाहायचं.

तोवर गल्लीत आपला इलाज चालूच असतो. महात्मा गांधी रोडवर मोबाइलची बॅटरी बदलून देणारे बसले आहेत, तसे पॅक उघडून सेल बदलणारेही शहरोशहरी तयार झालेत. ‘रिपॅक’ म्हणतात त्याला. त्यांच्यातले काही खरे कारागीर आहेत आणि मूळ कंपनीपेक्षा नीट काम करतात. पण जुन्या सेलच्या रांगेत दोन नवे घालून देणारा, कमी दर्जाचे सेल उंची वेष्टनात गुंडाळणारा, बीएमएस ‘बायपास’ करून देणारा, हेही त्याच रांगेत. जुने-नवे सेल एकत्र आले की नवे जुन्यांना ओढत बसतात आणि महिन्याभरात गाडी मूळ पदावर. बीएमएस काढून टाकलेली बॅटरी तर घरात चार्जिंगला लावूच नये, वेल्लोर विसरू नये. वॉरंटीच्या मुदतीत पॅक उघडला की वॉरंटी गेली, हे वेगळं सांगायला नको.

नवी बॅटरी विकत घ्यायची म्हटलं तर किमतीचा धक्का बसतो, सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथेच असतो. त्यात कराची एक मौज आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक वाहनांवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे, आणि कराच्या व्याख्येत ई-बायसिकल नाव घेऊन घातली आहे. बॅटरीसकट सायकल घ्या, पाच टक्के. तीच बॅटरी सुटी घ्या, अठरा टक्के. दहा हजारांच्या बॅटरीवर पाचशेऐवजी अठराशे. जुनी सायकल टिकवणाऱ्याला दंड आणि नवी घेणाऱ्याला सवलत, असा हा पर्यावरणाचा विचार. मात्र वॉरंटीत फुकट बदलून मिळणाऱ्या वस्तूवर ग्राहकाकडून पुन्हा कर घ्यायचा नसतो, हे अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. ‘बॅटरी फ्री, फक्त जीएसटी भरा’ असं कुणी म्हणालं तर ते परिपत्रक त्याच्यापुढे धरावं.

दुसरी अडचण ने-आणीची. कंपनी म्हणते, बॅटरी आमच्याकडे पाठवा. लिथियम बॅटरी ही वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नवव्या वर्गातली धोकादायक वस्तू आहे. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि बिघडलेली किंवा खराब झालेली तर कुठल्याच विमानातून नाही. कुरिअरवाला खोकं बघून हात जोडतो ते उगाच नाही. तेव्हा खरेदीच्या वेळीच विचारायचं: बिघडली तर घरून कोण नेणार, कशाने नेणार, आणि तोवर मला पर्यायी बॅटरी मिळणार का? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याची दोन वर्षांची वॉरंटी कागदावरच राहणार.

आणि समजा दोष खराच आहे, मुदतीत आहे, आणि समोरून टोलवाटोलवी चालली आहे. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हात घालावा. तो जुन्या कायद्यापेक्षा आपल्या बाजूने बराच झुकलेला आहे. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नाशिककराला नाशिकमध्येच. बिलावर खाली ‘अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असतं, त्याने हा हक्क जात नाही. वस्तूची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. वकील लागतोच असं नाही. अर्ज ऑनलाइन होतो. आधी त्यासाठी ‘ई-दाखिल’ होतं, १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ आहे.

आयोग काय देऊ शकतो? दोष दूर करून द्या, तशीच निर्दोष नवी वस्तू द्या, किंवा पैसे परत करा, आणि नुकसानभरपाई. दोष डोळ्यांनी दिसत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. चाचणी नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे कुणाला सांगायचं कारण नाही. वस्तू सदोष निघाली तरी परत घ्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही कायद्याने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहेत. बॅटरीच्या आगीने घर जळालं किंवा कुणी भाजलं, तर त्यासाठी उत्पादन-दायित्वाचं वेगळं प्रकरण कायद्यात आहे. नुसती बॅटरी बसली तर ते लागू होत नाही, तिथे साधा ‘दोष’ सिद्ध करायचा.

पार्सलं वाटणाऱ्या तरुणाला इथे हटकून सांगितलं जातं की तू धंद्यासाठी वापरलीस, तू ग्राहकच नाहीस. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर तशी अट असू शकते आणि ती घेण्याआधी वाचायला हवी. पण कायदा वेगळं बोलतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस ग्राहकच असतो. सायकलवर ज्याची रोजी आहे त्याला आयोगाचं दार बंद नाही.

आयोगाच्या आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. एका फोनने काय होणार, असं वाटतं खरं. १ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षात ओलाच्या स्कूटरबद्दल त्या हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी जमा झाल्या, आणि त्या आकड्याच्या जोरावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला नोटीस काढली. ९९ टक्क्यांहून जास्त तक्रारी निकालात काढल्याचं कंपनीने त्यावर सांगितलं. दहा हजार जण आपापल्या शोरूमच्या दारात भांडत राहिले असते तर ती नोटीस निघाली नसती. नोंदवलेली तक्रार मोजली जाते, दुकानात केलेली नाही.

मात्र कुठेही जायचं तर हातात आकडा हवा, आणि तो घरी काढता येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा वीज-मीटर मिळतो. बॅटरी नवी असताना एकदा ती बंद होईपर्यंत वापरायची, मग मीटरमधून पूर्ण चार्ज करायची आणि किती वॉट-तास लागले ते लिहून ठेवायचं, मीटरच्या फोटोसकट. ३७४ वॉट-तासांच्या पॅकला चार्जरची गळती धरून चारशेतीसच्या आसपास लागतील. सहा महिन्यांनी पुन्हा तसंच. तीनशेदहाच लागले तर क्षमता ७२ टक्क्यांवर आली, आणि तीही सहा महिन्यांत. याला झीज म्हणणं कंपनीला जड जाईल. वरचेवर मात्र हा प्रयोग करू नये, बॅटरी तळाला नेणं तिला मानवत नाही. दुसरी खूण मल्टीमीटरची. ३६ व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टच्या जवळ असतो. न वापरता रात्रभर ठेवून सकाळी तो दोन-चार व्होल्टनी खाली आलेला दिसला, तर आत कुठला तरी गट गळतो आहे. पॅक फुगला, वास आला, चार्ज होताना हाताला चटका बसेल इतका तापला, तर मोजायच्या भानगडीत न पडता तो घराबाहेर, मोकळ्या जागी ठेवावा.

सर्व्हिस सेंटरला बॅटरी देताना जॉब कार्डावर ‘चेकिंग’ एवढंच लिहून घेऊ नये. तक्रार, सिरीयल नंबर, तारीख, आणि परत घेताना त्यांनी मोजलेली क्षमता, हे लिहून मागावं. देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल करावी: आज बॅटरी दिली, क्षमता मोजून मागितली, दिली नाही. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी नव्याने सुरू होते की जुनीच उरलेली चालते, तेही त्याच कागदावर. बहुधा उरलेलीच असते.

खरोखर आयुष्य संपलेल्या बॅटरीचं काय? २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकता वेगळी देण्याची जबाबदारी आपल्यावर. भंगारवाल्याला दिलेला लिथियम पॅक घणाखाली जातो आणि तिथे पेटतो. घंटागाडीत तर तो टाकूच नये.

या दिवाळीत नवी इलेक्ट्रिक सायकल घेणाऱ्यांनी दुकानात सवलत किती, हे विचारण्याआधी तीन गोष्टी बिलाच्या पाठीमागे दुकानाच्या शिक्क्यानिशी लिहून घ्याव्यात: बॅटरी किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, सुटी बॅटरी आज किती रुपयांना आहे, आणि बिघडली तर घरून कोण नेणार. शिक्का द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून सायकल घेऊ नये. ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी बिल शोधावं, सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवावा आणि वॉरंटीची नोंदणी राहिली असेल तर आज करावी. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती कारण घडल्या दिवसापासून मोजली जाते.